मुठीत राहील अशी सुरी

खलील सरखोतच्या हातातून सुरी पहिल्यांदा सुटली ती गोदामात, आणि तेव्हा त्याने ते घामावर ढकललं. कतारमधल्या हमद पोर्टजवळच्या त्या पत्र्याच्या गोदामात सप्टेंबरात माणूस नुसता उभा राहिला तरी निथळतो. खोक्यावरची प्लास्टिकची पट्टी कापता कापता मूठ अचानक पोकळ झाल्यासारखी वाटली आणि सुरी बुटाला घासून सिमेंटवर खणकन पडली. शेजारी माल लावणारा नेपाळी हसला. खलीलही हसला, हात पँटला पुसला आणि पुन्हा कामाला लागला.

दुसऱ्यांदा सुटली तेव्हा हाताला घाम नव्हता. एसी चालू असलेल्या ऑफिसात तो दोरीचा गुंडा सोडवत होता. या वेळी त्याने सुरी लगेच उचलली नाही. उजवा हात उजेडात धरून बघितला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा गेला होता, तिथे खळगा पडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरा वाकडी होऊन राहिली होती. दाबून बघितली, तर दुसऱ्याच कुणाची बोटं दाबतोय असं वाटलं. कुणी बघितलं तर नाही ना म्हणून त्याने आधी दाराकडे नजर टाकली, मग खाली वाकून डाव्या हाताने सुरी उचलली.

खलील मूळचा रायगडातल्या म्हसळ्याकडचा. ऐन पंचविशीत कतारला आला, आता पन्नाशीला टेकला होता. कागदोपत्री तो स्टोअरकीपर. पण कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं की त्याची खरी किंमत गोदामात नाही, हिवाळ्यात वाळवंटातल्या तळावर आहे. कंपनीचे मालक, ज्यांना लहानथोर सगळे बू सालेम म्हणत, ते ससाण्यांचे वेडे. एका थंडीत खलील पाण्याची टाकी पोचवायला तळावर गेला होता. ससाण्याने हुबारा, म्हणजे माळढोकासारखा पक्षी, पाडला, तो अजून जिवंत होता, आणि जवळ दुसरं कुणीच नव्हतं. खलीलने बिस्मिल्ला म्हणून एका फिरवणीत त्याला हलाल केलं. पक्षी एकदाच थरथरला. बू सालेम मागून धापा टाकत आले आणि त्यांनी पक्ष्याची मान निरखली. त्यानंतरचा प्रत्येक हिवाळा खलीलने तळावर काढला. जिवंत सापडलेला पक्षी एका झटक्यात गेला नाही, हयगय झाली, तर म्हातारा तो खात नसे. दिवसभर कुणाशी बोलतही नसे. त्यांनी खलीलला स्वतःची एक शिंगाच्या मुठीची सुरी दिली होती. मूठ सडपातळ, गुळगुळीत, पातं कार्बन पोलादाचं. खलीलने ती वर्षानुवर्षं जिवापाड जपली.

आता कंपनी बू सालेमचा धाकटा मुलगा जियाद बघत होता. जियाद काही वाईट माणूस नव्हता. पण त्याला गोदामात मशिनं आणायची होती आणि माणसं कमी करायची होती. उन्हाळ्यात दोघा स्टोअरकीपरांना तिकीट देऊन घरी पाठवलं, तेव्हा तिसरं नाव खलीलचं होतं. बू सालेम मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "खलील माझा माणूस आहे. हिवाळ्यात मला तो लागतो." नाव खोडलं गेलं.

ही गोष्ट खलीलने घरी सांगितली नव्हती. घरी नजमा होती आणि नजमाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ती सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसला जायची, आणि जायची ती खलीलच्या रेसिडेन्सीवर. त्याची नोकरी गेली की त्याचा इथे राहायचा हक्क गेला, आणि त्याच्या मागोमाग तिचाही. गावी परत जायचं तर म्हसळ्याहून मशीन लांब, रस्ता घाटाचा, आणि तिथेही आधीच भरलेल्या खाटा. मुंबईत राहायचं तर कुणाच्या दारात, आणि नंबर लागेपर्यंत नजमाने काय करायचं? मूलबाळ नव्हतं. अल अझीझियातल्या एका व्हिलाच्या मागच्या बाजूची खोली, त्यात ही दोघं, आणि दर दोन दिवसांनी ते मशीन. एवढ्यावर सगळं उभं होतं.

म्हणून सुरी दुसऱ्यांदा पडली तेव्हा खलीलला भीती वाटली ती हाताची नव्हती.

डॉक्टरने कोपराला टिचक्या मारून बघितल्या, तारा लावून तपासणी केली आणि हाताच्या व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथे नाशिकची नयना म्हणून बाई होती. आडनाव वाचून तिने थेट मराठीत विचारलं, "सरखोत म्हणजे कोकणातले का?" खलीलला इतकं बरं वाटलं की डॉक्टरपुढे जे हिंदीत सांगता आलं नव्हतं ते त्याने सगळं तिच्यापुढे ओतलं.

नयनाने त्याचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीमध्ये कागद धरायला दिला आणि अलगद ओढला. कागद सहज निघून आला.

"कोपराशी नस चेपलीय, खलीलभाई. बरेच महिने चेपत असणार. ऑपरेशन करून तिला वाट मोकळी करून देता येते. पण ताकद लगेच नाही येत. महिने जातात. आणि सगळी येईलच असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"ऑपरेशन हिवाळ्यानंतर केलं तर?"

"जितका उशीर तितकं वाईट. एवढी घाई कशाची आहे हिवाळ्याची?"

खलीलने सांगितलं. नजमाचं मात्र सांगितलं नाही. फक्त सुरीचं सांगितलं. नयनाने टेबलावरचं एक पेन घेतलं, त्याला फोमची जाड नळी चढवली आणि त्याच्या हातात दिलं. पेन हातात बसलं.

"बारीक दांडा तुमच्या हाताला आता सापडणार नाही. चिमटीने काही धरायला जाऊ नका, पूर्ण मुठीने धरा. जाड आणि खरबरीत मूठ बघा. पण मी तुम्हाला हे करा म्हणत नाहीये, हं. आणि एक लक्षात ठेवा. या दोन बोटांना आणि तळहाताच्या या कडेला काही जाणवत नाही. भाजलं, कापलं तरी कळणार नाही. थंडीत तर आणखी बधिर. डोळ्यांनी बघून हात सांभाळायचा."

खलीलने मान हलवली. त्याच्या डोक्यात जाड मूठ एवढंच शिरलं होतं.

त्या संध्याकाळपासून तो दुकानं पालथी घालायला लागला. मासेमारीचं सामान विकणारी, तंबू आणि शेगड्या विकणारी, बाजारातली जुनी आणि मॉलमधली चकचकीत. घडीचा चाकू तर बघायचाच नव्हता. तो उघडायला अंगठा लागतो, आणि वाळूचा एक कण सांध्यात गेला की अडकतो. हवी होती न मिटणारी, अखंड पात्याची लहान सुरी. गोदामात रोज पट्ट्या नि दोऱ्या कापता आल्या पाहिजेत, आणि तळावर ऐन वेळी हातात आली पाहिजे. आणि जास्तीत जास्त लहान हवी. मोठ्या पात्याचा भार पुढे ओढतो, आणि तो भार पेलायला आता करंगळी मदतीला येत नव्हती.

सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका कॅम्पिंगच्या दुकानात रत्नागिरीकडचा फुजैल परकार काउंटरवर होता. तो खलीलला तोंडओळखीने ओळखत होता.

"काय खलीलभाय, बू सालेमची सुरी असताना नवीन कशाला?"

"रोजच्या कामाला. ती चांगली सुरी पट्ट्या कापायला कोण वापरतो?"

फुजैलने आधी नक्षीदार काढल्या. हरणाच्या शिंगाची, मग लाटालाटांच्या पात्याची, मग बोट घालायला कडी असलेली. खलीलने कडीत बोट घालून बघितलं आणि लगेच काढलं. पक्ष्याच्या धडपडीत त्या कडीत बोट अडकलं तर मोडेल. पुढची सुरी गळ्यात घालायची होती, एवढीशी, मूठ म्हणजे पात्यालाच गुंडाळलेली दोरी. ती त्याने हातातही धरली नाही.

"ही बघा, कार्बनची हाय. धार अशी लागते की केस उडतील."

"आणि इथल्या खाऱ्या हवेत पुसायची राहिली तर उद्या तांबूस."

"मग तुमची ती जुनी कशी टिकली?"

"मी रोज तेल लावायचो, दगडावर घासायचो," खलील म्हणाला, आणि थांबला. ते घासणंसुद्धा आता त्या हाताला जमणार नव्हतं, हे त्याला बोलता बोलता कळलं. "स्टेनलेस दाखव. पातं पातळ हवं. जोर नको लागायला."

फुजैलने दुसरा खण उघडला. खलीलने खिशातली पाण्याची बाटली काढली, उजव्या हाताचा तळवा ओला केला आणि पहिली सुरी मुठीत घेतली. "आता पात्यावर म्यान चढव आणि ओढ."

"ओढू?"

"जोरात ओढ."

फुजैलने ओढली. सुरी निघून आली. दुसरी निघून आली. लाकडी मुठीची, पितळेच्या मुठीची, रबराची बारीक मूठ असलेली. प्रत्येक वेळी खलील दातओठ खाऊन आवळायचा, त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, आणि प्रत्येक वेळी सुरी लहान मुलाच्या हातातून खाऊ काढून घ्यावा तशी सुटायची. दुकानात आलेलं एक कुटुंब बाजूला थांबून बघत होतं. फुजैलच्या चेहऱ्यावरचं हसू एव्हाना गेलं होतं.

"खलीलभाय," तो हळू म्हणाला, "हाताला काय झालां?"

"तू दुसरी दाखव."

शेवटी मासे साफ करायच्या सामानातून एक निघाली. शेवाळी रंगाची, दिसायला अगदी ओबडधोबड. मूठ जाडजूड, रबरासारखी, खरबरीत. मुठीच्या पुढे उंचवटा, म्हणजे बोटं घसरून पात्यावर जाणार नाहीत. पातं जेमतेम मधल्या बोटाएवढं, पातळ, सरळ. म्यान साधं प्लास्टिकचं, पण अंगठ्याने रेटा दिला की टक् करून सुटायचं. चिमटीने बटण उघडायची गरज नव्हती. फुजैलने ओढली. ती लगेच आली नाही. त्याने पाय रोवून पुन्हा ओढली तेव्हा आली.

"ही जरा थांबली," फुजैल म्हणाला.

"हीच दे."

बाहेर गाडीत बसल्यावर खलीलने ती पिशवीतून काढून मांडीवर ठेवली. शहरात कमरेला सुरी लावून हिंडायची सोय नव्हती, म्हणून ती तो अवजारांच्या पेटीत ठेवणार होता. त्याने तसंच बसल्या बसल्या तिच्याभोवती मूठ आवळली आणि मनगट भरून येईपर्यंत धरून ठेवली.

घरी तो न्हाणीघरात कडी लावून सराव करायला लागला. तागाची जाड दोरी पाण्यात भिजवायची, नळाला बांधायची आणि एका फिरवणीत कापायची. दोरी ताठ असली की कापली जायची, ढिली असली की पातं नुसतं घासायचं. डावा हात वापरून बघितला. डाव्याला सुरी धरता येत होती, पण कुठे आणि किती फिरवायची ते कळत नव्हतं. तो दोरीऐवजी नळावर आपटायचा. मग पुन्हा उजवा. दोरीचे तुकडे तो पिशवीत भरून गोदामातल्या कचऱ्यात टाकायचा.

एके दिवशी दुपारी नजमाने दारावर थाप मारली. "उघडा. मी आतमधला आवाज रोज ऐकतंय."

त्याने दार उघडलं. ती दोरीकडे, सुरीकडे, मग त्याच्या हाताकडे बघत राहिली. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटायचं, पण उभं राहायला ती भिंतीचा आधार घ्यायचीच.

"मना कधी सांगणार होतात?"

"काय सांगायचं?"

"भात खाताना तुमच्या बोटांतून सांडतो. म्हणून मी महिनाभर भाकरी करतंय. तुमाला वाटलां, मना भाकरीची हौस आली?"

खलील न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला. मग त्याने सगळं सांगितलं, जियादच्या यादीतलं नावसुद्धा. नजमा ऐकत राहिली. रडली नाही.

"बू सालेमना खरां सांगा. म्हातारा माणूस हाय, समजून घेईल."

"आणि नाही घेतलं तर? त्यांना मी कशासाठी हवाय, सांग. गोदामात तर माझ्यासारखे चार मिळतील. मला ठेवलंय ते या हातासाठी. हात नाही म्हटलं की मग जियादची यादी आहेच."

"मग काय, माज्यासाठी तुमी हात गमावणार? डॉक्टरीण सांगते लगेच ऑपरेशन करा, नि तुमी हिवाळा संपायची वाट बघताव."

"तुझं मशीन बंद झालं तर किती दिवस, नजमा?"

त्या खोलीत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. नजमा वाकली, जमिनीवरचे दोरीचे तुकडे गोळा करायला लागली, आणि मग तसंच वाकून राहून म्हणाली, "दुसरी दोरी बांधा. मी एक टोक ओढून धरतंय. ताठ राहील."

त्यानंतर ती रोज दोरी धरायची.

डिसेंबरात तळ पडला. दक्षिणेकडे, शिकारीसाठी परवाना असलेल्या कुंपणातल्या माळावर. पाळून वाढवलेले हुबारे तिथे सोडले जात, आणि ससाण्यांना त्यांच्यामागे मोकळं आकाश मिळे. नजमाच्या सोबतीला शेजारची ताहेरुन्निसा होती. ती तिला हॉस्पिटलात नेणार-आणणार होती. खलील निघाला तेव्हा नजमाने त्याला दोन बोटं कापलेला लोकरीचा हातमोजा दिला. थंडी लागू देऊ नका, एवढंच म्हणाली.

पहिल्या शिकारीला धुकं होतं. बू सालेमनी ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली, हात उंचावला, आणि पक्षी धुक्यात नाहीसा झाला. गाडी खडकाळ जमिनीवरून आदळत धावली. एका खळग्यात ससाणा हुबाऱ्यावर पंख पसरून बसला होता. खलील गुडघ्यांवर पडला, मोजा काढला, म्यानाला अंगठ्याचा रेटा दिला. टक्. मूठ हातात आली. ती जाड, खरबरीत, कुरूप मूठ हातात आली आणि राहिली. बिस्मिल्ला म्हणाला. एक फिरवणी. पक्षी थरथरला आणि शांत झाला.

त्याला तिथेच रडू फुटणार होतं. त्याने ससाण्याचा वाटा काढून देण्याच्या निमित्ताने मान खाली ठेवली.

बू सालेम जवळ आले. त्यांनी पक्ष्याची मान बघितली आणि समाधानाने हं केलं. मग त्यांची नजर सुरीवर गेली. "ही कसली? माझी कुठे आहे?"

"धार लावायला दिलीय," खलील म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. "लवकर आण. ही मच्छीवाल्याची आहे."

पुढचे काही दिवस सगळं नीट झालं. रोज सकाळी खलील हात शेगडीवर शेकायचा, मोजा घालायचा आणि ऐन वेळी काढायचा. रोज संध्याकाळी नजमाला फोन करून एवढंच सांगायचा, "आज झालं." ती म्हणायची, "माजांपण झालां." त्याला वाटायला लागलं की असाच हिवाळा निघेल. फेब्रुवारीत तळ उठेल, मग गुपचूप ऑपरेशन, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात परत येईल. सुरी चांगली निवडली होती. तिने एकदाही दगा दिला नव्हता.

त्या सकाळी उत्तरेचा वारा होता, हाडात शिरणारा. ससाणा नवा आणि तापट होता. त्याने मोठा हुबारा काटेरी झुडपात पाडला, आणि दोघं एकमेकांत गुंतून गडबडत होते. हुबारा पाय झाडत होता, ससाण्याचे पंख झुडपाला आपटत होते. खलीलने डावा हात खालून घालून हुबाऱ्याची मान धरली, उजव्या हाताने सुरी नेली. बिस्मिल्ला. मधेच ससाणा उलटला, कुठेतरी फडफडला, पण सुरी मुठीत घट्ट होती आणि पातं जिथे जायचं तिथे गेलं. हुबारा निपचित पडला. खलीलने सुटकेचा श्वास टाकला. बू सालेम धापा टाकत पोचले तेव्हा तो वर बघून हसला आणि म्हणाला, "हलाल झाला, बाबा."

बू सालेम पक्ष्याकडे बघत नव्हते. ते खलीलच्या उजव्या हाताकडे बघत होते.

खलीलनेही मग खाली बघितलं. ससाण्याच्या एका पायाने त्याच्या तळहाताची कड, करंगळीच्या खालची, पकडली होती. मागची नखी आत पार रुतली होती. मनगटावरून रक्त ओघळून बाहीत जात होतं, आणि तो इतका वेळ ते हुबाऱ्याचं समजत होता.

म्हातारा वाऱ्यात उभा राहिला. मग गुडघे टेकून बसला आणि ससाण्याची नखं एकेक करून सोडवायला लागला. खोल रुतलेली शेवटची नखी निघाली तेव्हा माणूस ओरडतोच, हे म्हाताऱ्याला आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने खलीलच्या तोंडाकडे बघितलं.

आणि तेव्हा, नखी निघून गेल्यावर, खलीलने तोंड वाकडं केलं आणि "आह" म्हणाला.

बू सालेमनी डोळे मिटून घेतले.

तळावर आल्यावर त्यांनी सगळ्यांना तंबूबाहेर काढलं. खलीलचा हात धुतला, औषध लावून बांधला. मग त्या बांधलेल्या हाताच्या अंगठ्याजवळच्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"सुरी धार लावायला दिली नव्हतीस."

"नाही."

"माझ्याशी खोटं बोललास. एवढी वर्षं झाली, खलील, आणि खोटं बोललास."

खलीलने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्याला जे बोलायचं होतं ते अरबीत येईना, हिंदीत येईना. तो नजमा म्हणाला, मशीन म्हणाला, जियाद म्हणाला, पुन्हा नजमा म्हणाला. नाक-डोळे पुसायला त्याने उजवा हात नेला आणि पट्टीचं रक्त गालाला लागलं. म्हातारा ऐकत होता की नाही कळत नव्हतं. तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं.

"तुझी बायको आजारी आहे हे मला कुणी सांगितलं नाही," अखेर ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, बाबा." हे तोंडातून गेल्यावर खलील स्वतःच घाबरला.

बू सालेमनी शेगडीतले निखारे सारखे केले. "तू आता पक्ष्यांजवळ यायचं नाहीस. नस मेलेल्या हाताजवळ मी ससाणा आणणार नाही. उद्या तुझा डोळा जाईल. खलास, संपलं." ते उठले. दाराशी थांबले. "पाण्याची गाडी दुपारी दोह्याला जाते. तिच्यात बस. आधी हॉस्पिटलात जा."

खलीलने विचारलं, "आणि माझं काम?"

म्हातारा बाहेर निघून गेला होता.

त्यानंतरचे दिवस खलीलला नीट आठवत नाहीत. जखम चिघळली, इंजेक्शनं घ्यावी लागली. तो रोज गोदामात जायचा, डाव्या हाताने जमेल ते करायचा आणि फोन वाजला की दचकायचा. नजमाला त्याने तळ लवकर उठला असं सांगून बघितलं. ती म्हणाली, "माज्याशी तरी नको." मग दोघं भाकरी खात बसली. रात्री त्याला तिच्या श्वासाचा आवाज मोजत राहायची सवय लागली.

जियादने बोलावलं तेव्हा खलील स्वच्छ शर्ट घालून गेला. ऑफिसच्या काचेतून कंटेनरांच्या रांगा दिसत होत्या. जियादने त्याला बसायला सांगितलं. याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत," जियाद म्हणाला. "मग काल बोलले. म्हणाले, खलील आता तळावर येणार नाही. आणि म्हणाले, पण त्याला काढायचं नाही."

खलील खुर्चीच्या कडेला सरकला.

"मी तुला खरं सांगतो. स्टोअरकीपरची जागा मी बंद करतोय. ते बाबांच्याही हातात नाही आता. गेटवर गाड्यांच्या नोंदीचं काम आहे, बसून करायचं. पगार कमी. तुझी रेसिडेन्सी या वेळी रिन्यू करतो. पुढच्या वेळेचं मला विचारू नकोस. बाबा आहेत तोवर एक गोष्ट आहे. त्यांचं वय तू जाणतोस."

"शुक्रन," खलील म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण पार्किंगमध्ये आल्यावर त्याला गाडीची किल्ली लावता येईना. एक वर्ष मिळालं होतं. त्या वर्षापलीकडे काय, ते एका म्हाताऱ्या माणसाच्या प्रकृतीवर ठरणार होतं, आणि तो म्हातारा आता त्याचा फोन उचलत नव्हता. खलीलने ईदची दुआ द्यायला केलेला फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला आणि निरोप देतो म्हणाला.

ऑपरेशन झालं. कोपरावर लांब टाके पडले. टाके निघाल्यावर नयनाने हात उलटासुलटा करून बघितला, कागद धरायला दिला, ओढला. कागद निघून आला.

"आत्ताच नाही येणार," ती म्हणाली. "नस मिलिमीटर मिलिमीटरने वाढते. कोपरापासून बोटापर्यंत लांब रस्ता आहे. आधी जाणीव येईल, मुंग्या येतील, टोचेल. मग ताकद, आली तर."

"दुखलं तर चांगलं म्हणायचं?"

"हो. दुखलं तर चांगलं."

आता दर दोन दिवसांनी तो स्वतः नजमाला डायलिसिसला नेतो. गेटवरचं काम पाळीचं असल्याने ते जमतं. ती खाटेवर पडते, नर्स सुया टोचते, नजमा भिंतीकडे तोंड करते आणि जरा वेळाने तिला झोप लागते. खलील शेजारच्या खुर्चीत बसतो. मशीन गुरगुरत असतं, नळ्यांमधून रक्त जात-येत असतं. समोर एक मलबारी म्हातारा आणि त्याची मुलगी असतात. तिच्याशी मानेनेच सलाम होतो.

कालही तो असाच बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या नखाने करंगळीचं टोक दाबत होता. दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा. नखाचा लाल अर्धचंद्र उमटेपर्यंत दाबलं. मग त्याच्या शेजारी दुसरा. नजमा मधेच जागी झाली आणि त्याचं चाललेलं बघत राहिली.

"काय कळतां?" तिने विचारलं.

"अजून नाही."

तिने सुया नसलेला हात चादरीतून बाहेर काढला, त्याची करंगळी आपल्या मुठीत धरली आणि पुन्हा डोळे मिटले. तिची मूठ गार आहे की गरम, हे त्याला कळलं नाही. मशीनची वेळ संपेपर्यंत तो हात न हलवता बसून राहिला.